बँड वडापाशीच थांबला

सुमतीताई राऊतांची आणि माझी ओळख खोबरेल तेलामुळे झाली. विरारच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या या प्राध्यापिका स्टुलावर उभ्या राहून वर्गाच्या बिजागरीत तेल सोडताना दिसल्या. शिपायाला का सांगत नाही, असं मी शहाणपणाने विचारलं. करकर मला ऐकू येते, त्याला नाही, असं म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दाराकडे बोट दाखवलं. त्या ताई आता साठीच्या होत आहेत. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी एकदा बुद्धिबळ खेळून पाहावं.

नव्वदच्या दशकात 'स्वमग्नता' हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये फक्त ताईंना ठाऊक होता. बाकीचे आम्ही अशा मुलांना 'घुमा' म्हणून मोकळे व्हायचो. अर्नाळ्याचा रूपेश असाच एक घुमा. हिशेबात हुशार, पण मधल्या सुट्टीतला कल्ला सुरू झाला की कान दाबून जिन्याखाली बसायचा. शेवटी त्याच्या आई दाखला मागायला आल्या. "पोरगा हुशार हाय, पन या गडबडीत त्याचा जीव घाबरतो. नाव काढून द्या," त्या म्हणाल्या. ताईंनी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि थेट प्राचार्यांचं दालन गाठलं.

प्राचार्यांचं म्हणणं असं, की मुलं इथे मिसळायला येतात. वेगळी खोली दिली तर ती एकलकोंडी होतील.

"सर, मिसळायला ओरडावंच लागतं का?" ताईंनी विचारलं.

वाचनालयामागची नकाशांची खोली मिळाली. ताईंनी जाड पडदे लावले, चटया घातल्या. नियम एकच ठेवला: इथे कोणी कोणाला बोलायला लावायचं नाही. सोबत हवी असेल त्याने बुद्धिबळाचा पट मांडून बसावं. ज्याला वाटेल तो समोर येईल.

आता आमच्या वसई-विरारकडे बँडाशिवाय बारसंही होत नाही. उद्घाटन समितीने शांत खोलीच्या उद्घाटनालाच बँड बोलावला, आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. पहिला ढोल दणकला, तसा रूपेश अनवाणीच फाटकाबाहेर पळाला. ताईंनी बँडवाल्यांना हात जोडले, चहा-वडा खाऊ घातला. प्रमुख पाहुण्यांना मात्र फीत न कापताच परत जावं लागलं.

रूपेश येईनासा झाला. ताई मला घेऊन अर्नाळ्याला गेल्या. किनाऱ्यावर मासळी वाळत होती, तिथेच तो पाठ करून बसला होता. ताईंनी वाळूत पट मांडला आणि गप्प बसल्या. अंधार पडायला आला तरी तो वळला नाही. मी निराश झालो. ताई पुन्हा गेल्या, पुन्हा पट मांडला. एका संध्याकाळी त्याने मागे वळून प्यादं सरकवलं. त्याच्या आईंनी डोळ्यांना पदर लावला. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या खोलीत रूपेशला मित्र मिळाले, तेही न बोलता. पदवीचा निकाल लागला तेव्हा तो पहिल्या वर्गात पास झाला होता. अर्नाळ्याहून बँड निघाला, पण या वेळी जागा रूपेशने आखून दिली होती: फाटकाबाहेरच्या वडाच्या पुढे यायचं नाही. खोलीची खिडकी किलकिली करून तो ऐकत उभा राहिला.

"मॅडम, लांबून बरा वाटतो," तो म्हणाला. स्वतःहून. आम्ही सगळे रडलो. प्राचार्य सर्वांत जास्त.

ताईंच्या साठीनिमित्त आज होणाऱ्या सत्काराचा बँडही वडापाशीच थांबणार आहे, कारण सत्कार त्याच खोलीत आहे. ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि बिजागऱ्यांना तेल घालणारे त्यांचे हात कधी थकू नयेत. आता अर्नाळ्याच्या मच्छीमार सोसायटीचे हिशेब पाहणारा रूपेश आज सकाळीच येऊन गेला. ताई, तुमच्या खुर्चीसमोर त्याने पट मांडून ठेवला आहे.