अहिराणी बोलणारा व्हायरस

सुरतेत, उधन्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी जुना कॉम्प्युटर आणला, तो साड्यांच्या किनारींची डिझाइनं काढायला. कडोदऱ्याचे लूमवाले कागदावरची डिझाइनं घ्यायला कुरकुरू लागले होते. बायको तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिचं म्हणणं, व्हायरससाठी वेगळा प्रोग्रॅम घ्यायला हवा. माझं म्हणणं, मशीनसोबत तपासणीचा एक प्रोग्रॅम आलाय, तेवढा पुरे. आपला कॉम्प्युटर घराचा उंबरा ओलांडत नाही, त्याला लागण कुठून होणार? यावर ती क्लासची वही उघडून बसली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

एका सकाळी मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: ‘मना आंगमा ताप शे. आज काम नही करस.’ अंगात ताप आहे म्हणे! पुढे काही हलेना. माझी सगळी डिझाइनं आत होती. स्वयंपाकघरातून तिने शांतपणे विचारलं, चहा ठेवू का. मी चहा न घेताच सायकल काढली आणि कॉम्प्युटर विकणाऱ्या गुजराती दुकानदाराला गाठलं.

त्याने पडद्यावरचा मजकूर मला पुन्हा सांगायला लावला. म्हणाला, “भाई, आ वायरस धुलियानो छे के?” मग हसू दाबत, घरात विचारून बघा, असं सुचवलं. व्हायरसला आमची धुळ्याकडची घरची अहिराणी कशी येते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत बसली होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, “अहो, मी चार ओळी लिहून आत घातल्या, तर तुमची तपासणी गप्प बसली. खरा आला तर?”

संध्याकाळी त्याच दुकानातून नवा प्रोग्रॅम आणला. दुकानदाराने धुळ्याकडची खुशाली विचारली.

मग घरातल्या सगळ्या फ्लॉप्या तपासायला बसलो. मित्राने दिलेल्या गेमच्या फ्लॉप्यांवर माझा दाट संशय होता, पण त्या स्वच्छ निघाल्या. खरा व्हायरस सापडला तो तिच्या क्लासच्या फ्लॉपीत. मी ती फ्लॉपी काढून तिच्यासमोर धरली.

“बघा,” ती म्हणाली, “लागतच होता ना प्रोग्रॅम?”