खाजामियाँनं सांगितलेलं माप

कडा गावच्या पेठेत खाजामियाँचं शिलाईचं दुकान तीस वर्षांचं. हात सफाईदार, तोंड गोड. कमरेला टेप लागली की गिऱ्हाईक हमखास पोट आत ओढतं, हे काय सांगायला हवं? खाजामियाँ तेव्हा भरलेला आकडा मोठ्यानं सांगायचा आणि वहीत मात्र चार इंच वाढवून लिहायचा. पॅन्ट नीट बसायची, माणूस खूश. "लोकाची लाज झाकायलाच तर आपन बसलो," असं त्याचं म्हणणं. स्वतः जन्मभर नाडीचा लेंगा घातलेला, त्यामुळं आपली कंबर कुठवर गेली याचा बुवाला पत्ताच नव्हता.

त्या साली दुष्काळानं कंबरडं मोडलं. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, वैरण नाही म्हणून गाईम्हशींचं दूध आटलेलं. दूध संस्थेच्या रिकाम्या खोलीत मग एका सकाळी साखरेच्या आजाराची तपासणी ठेवली. बीडहून मंजुळा सिस्टर आल्या. त्यांच्यापुढं एकही बाप्या सदरा वर करीना, तेव्हा त्यांनी टेपसकट खाजामियाँलाच बोलावून घेतलं. "कंबर पस्तीस इंचांच्या वर भरेल त्याचंच रक्त घ्यायचं, चाचा. सामान तेवढंच आहे."

त्र्यंबक आला. हा कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन, खाजामियाँचा लंगोटीयार. गेट बंद पडल्यापासून नुसता बसून. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं. एका पायाला चिंधी बांधलेली, त्यामुळं चालताना जरा लंगडत होता. "चप्पल चावली," म्हणाला. टेप लागताच त्यानं पोट आत ओढलं, अन् खाजामियाँच्या तोंडून सवयीनं निघालं, "पस्तीस." इथं वही नव्हती. कागदावर पस्तीसच लिहिलं गेलं. त्र्यंबक मिशीला पीळ देत घरी गेला.

गर्दी सरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्ही या. श्वास सोडा." एक्केचाळीस भरली. बोटाला सुई टोचली तर यंत्रावर तीनशे दहा. दंडातलंही रक्त बाटलीत घेतलं.

"हे कशाला?"

"यात तीन महिन्यांची साखर कळते. एक दिवस उपाशी राहून सुईला फसवाल, याला नाही. पोटाच्या आतली चरबी वाईट, चाचा, ती साखर खपू देत नाही. हातपाय बारीक असले म्हणून काय झालं? वेळेत कळलं तर गोळ्यांवर भागतं. नाहीतर डोळे जातात, पाय बधिर होऊन जखम कळत नाही, शेवटी पाय जातो."

पाय म्हटल्यावर खाजामियाँला त्र्यंबकचं लंगडणं आठवलं. स्वतःचे तीनशे दहा तो विसरला.

"कवर हाय तुमी?"

"बाराला निघणार."

साडेअकरा झाले होते. त्यानं टेप गळ्यात टाकली आणि सायकल काढली.

त्र्यंबक ओट्यावर चौघांना आपली कंबर सांगत बसला होता.

"चल. रक्त द्यायचं हाय."

"कावून बे? पस्तीस भरलो की मी."

"न्हाई भरला. मी खोटं बोललो."

त्र्यंबकचा चेहरा उतरला, मग तापला. तो ताडकन उठला. "चार लोकांत माझी इज्जत काढतो व्हय?"

"काढतो. तीस वर्सं झाकली, तेच चुकलं माझं."

खाजामियाँ गुडघ्यावर बसला आणि टेप लावली. त्र्यंबकनं पोट आत ओढलं. खाजामियाँ टेप धरून तसाच थांबला.

"श्वास सोड."

तो सोडेना. पण माणूस किती वेळ धरून ठेवणार? सुटला अखेर.

"एकोणचाळीस," खाजामियाँ साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

त्र्यंबक परत ओट्यावर बसला. मग त्यानं हळूच चप्पल काढली आणि पायाची चिंधी सोडली. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडेनं काळी पडलेली.

"पंधरा दिस झाले," तो म्हणाला. "लई दुखलं असतं तर बोललो असतो. पर दुखतच न्हाई बे."

खाजामियाँनं त्याला कॅरियरवर बसवलं. दूध संस्थेपुढं सिस्टरची जीप अजून उभी होती.