काट्याची राखण

माझा सांधा गळतो, असं माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं मला चार माणसांत सांगितलं. त्याला बरीच वर्षं झाली. पण जेवताना ते वाक्य आठवलं तर आजही हातातला घास ताटात परत जातो.

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. तरी नव्वद सालानंतर आमच्या बोरी गावात ठिबक सिंचन आलं, तेव्हा पाइप जोडायला लोक मलाच बोलवायचे. पार निरगुडसरपर्यंत माझे सांधे गेलेत. पाइपाचं टोक गरम पाण्यात धरायचं, मऊ झालं की दाबून बसवायचं, वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. मग पाणी सोडायचं आणि सांध्याखाली चुलीतली राख भुरभुरायची. राख सुकी राहिली तर सांधा पास. आमच्यात पाणी चालवून बघितल्याशिवाय पाइपाला कुणी पाइप म्हणत नाही. माझ्या सांध्याखालची राख कधी भिजली नाही. कुणालाही विचारा.

भाऊ हवाई दलात फिटर होता. पेन्शनीत गावी आला. लोकांना वाटलं, आता हा द्राक्षं लावणार. यानं काय केलं, तर कांदे साठवायची बराक रिकामी केली आणि तिच्यात विमान बांधायला घेतलं. दोन माणसं बसतील एवढं. परवानगीचे कागद दिल्लीला फिरत होते आणि हा इथं कांद्याच्या टरफलात पंख घासत बसलेला. विमान चालवायला तो शिकून आला होता, पहिल्यांदा उडवणारही तोच होता. लांबच्या एका धावपट्टीवर ट्रॉलीतनं न्यायचं ठरलं होतं.

बघायला ही गर्दी. आमच्या वावरात मेंढरं बसवायला आलेला एक धनगर रोज संध्याकाळी यायचा आणि म्हणायचा, "राव, आमाला बी न्या की आळेफाट्यापत्तोर. यष्टीत लई चेंगराचेंगरी व्हती." भाऊ हसायचा. माझ्या डोक्यात तिडीक उठायची. विमान म्हणजे काय टमटम आहे?

एक दिवस भाऊच म्हणाला, "दादा, घड्याळाच्या नळ्या तू जोड. तुझा हात चांगला हाय."

ह्या नळ्या म्हणजे काय ते सांगतो. पंखाखाली वाऱ्याकडं तोंड करून एक नळी असते. विमान पळालं की तिच्यात वारा घुसतो. विमानाच्या अंगावर बाजूला दुसरं बारीक भोक असतं, ते संथ हवा घेतं. दोन्हीकडनं नळ्या आत येतात आणि चालवणाऱ्यापुढच्या काट्याच्या घड्याळांना लागतात. त्यावरनं वेग कळतो, उंची कळते. मधे कुठं हवा निसटली की घड्याळ खोटं बोलतं.

त्यानं पितळी जोड आणून ठेवले होते. आत एक कडी, नट आवळला की ती कडी नळीला चावते. मी म्हटलं, चावा घेऊन धरायची, ही काय रीत झाली? मी मंचरच्या दुकानातनं ठिबकची बारीक काळी नळी आणि तिचे जोड आणले, गरम पाणी केलं, ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. तो म्हणाला, "बरं, तुजं करून बगू." त्यानं 'बगू' म्हटलं तेव्हाच मी उठायला पाहिजे होतं.

सगळं जोडून झाल्यावर त्यानं दवाखान्यातली मोठी सिरिंज आणली. ती वाऱ्याकडच्या नळीला लावून हळू दाबली. वेगाचा काटा वर गेला. मग त्यानं नळी चिमटीत धरली आणि आम्ही सगळे काट्याकडं बघत बसलो. काटा खाली यायला लागला.

"दादा, तुजा सांधा गळतोय."

"तुजं घड्याळ बिघडलं आसंल."

त्यानं दुसरं घड्याळ लावून परत सिरिंज दाबली. "दुसरं बी लावून बगितलं. सांधाच गळतोय."

धनगर मागनं म्हणाला, "दादाचा सांधा गळला म्हंजी आता येडगावच्या धरणाकडं बी ध्यान ठिवा रं!" सगळे हसले. भाऊही हसला. बाकीच्यांचं सोडा, पण तो हसला.

दुसऱ्या दिवशी भाऊ नारायणगावला गेला. मी बराकीत शिरलो, घड्याळं सोडवून बाजूला ठेवली, फवारणीचा पंप लावला आणि नळ्यांतनं भरपूर पाणी सोडलं. प्रत्येक सांध्याखाली राख टाकली. एक थेंब पडला नाही. राख होती तशी ठेवली आणि त्याची वाट बघत दारात बसलो.

तो आला. "राख कसली?"

"हात लावून बग. सुकी हाय का वली?"

तो राखेकडं बघत राहिला. मग नळीकडं. "पाणी घातलंस? यात पाणी घातलंस तू?"

"मग काय दूध घालू?"

त्याचा चेहराच उतरला. मग असा ओरडला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. पाणी जिथनं जात नाही तिथनं हवा जाते, म्हणाला. आणि नळ्या जिथं झोळ खातात तिथं पाण्याचा थेंब बसून राहतो, तो वाऱ्याची वाट अडवतो. त्यानं घड्याळ लावून सिरिंज दाबून दाखवली. काटा उचकी लागल्यासारखा उडायला लागला.

"वर गेल्यावर ह्यो काटा खोटं बोलला, आन् हाय त्यापेक्षा जास्ती वेग दावला, तर मी वेग कमी करीन. वेग कमी झाला की ते वर ऱ्हात न्हाई दादा. धोंड्यावानी खाली येतं. माज्यासकट."

मग त्यानं ब्लेड घेतलं आणि माझा एकेक सांधा कापून टरफलाच्या ढिगात फेकला. मी तिथंच उभा. एवढं सगळं होतं तर आधी सांगायला याची जीभ झडली होती? पाण्यानं बिघडतं हे मला कोण सांगणार, म्हैस? मी घरी आलो आणि त्या बराकीकडं पाठ करून बसलो. जेवलो नाही.

बरेच दिवस गेले. एका दुपारी भावजय आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भाऊजी, त्ये उडणारच. मी सांगून दमले. पितळी जोड बसवल्यात. पर काटा उलीसा खाली येतोय तरी 'चालतंय' म्हणत्यात. पुस्तकात तेवढं चालतं म्हणं."

"मग चालू दे."

"चालतंय न म्हणणारं घरात येकच माणूस हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी काही समेट करायला गेलो नाही. भांडण अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला गेलो. बराकीत जाऊन म्हटलं, "सिरिंज लाव. काटा मी बगणार. मी पास म्हणल्याबिगर ह्ये ट्रॉलीत चढायचं न्हाई."

त्यानं लावली. काटा वर गेला, थांबला, आणि हळूच, अगदी हळूच, खाली सरकला.

"गळतोय."

"दादा, एवढं पुस्तकाला चालतं."

"पुस्तक बसणार हाय का आत? तू बसणार हायेस."

तो चिडून नट आवळायला लागला. मी म्हटलं, सोड ते, खोल. खोलून बघतो तर नळीचं तोंड तिरपं. घाईत कात्रीनं कापलेलं. "हवाई दलात बी आशीच कांद्याची पात कापत व्हता का?" मी घरनं द्राक्षाची कलमं करायचा चाकू आणला आणि त्याच्या पुढ्यात टाकला. त्यानं तोंडं सरळ कापली, कड्या नव्या घातल्या. परत काटा. परत सरकला. मी परत "गळतोय". त्या दिवसांत आमच्या दोघांत तेवढाच शब्द होता. पितळी जोड माझ्या सांध्यापेक्षा चांगले, असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आताही म्हणणार नाही.

शेवटी एका सकाळी काटा वर गेला आणि तिथंच राहिला. भावजयीनं चहा आणून ठेवला. त्याच्यावर साय धरली. काटा तिथंच. भाऊ चिमटी धरून घामाघूम झालेला.

"दादा, आता तरी पास म्हण."

"आदी नळीला चिमटा लाव. मग माजे सांधे फेकलेस ते उचलून आण. समदे."

त्यानं चिमटा लावला आणि त्या टरफलाच्या ढिगात गुडघ्यावर बसून काळे तुकडे शोधायला लागला. हवाई दलाची पेन्शन घेणारा माणूस. तोंडानं पुटपुटत होता, शिव्याच असणार. शोधायला त्याला पुष्कळ वेळ लागला. तेवढा वेळ काटा जागचा हलला नाही.

त्याला आजही वाटतं, मी सूड घेतला. घेतलाच. पण मला काट्याकडं अजून थोडा वेळ बघायचं होतं.