कव्हर्ड आहे, पण शिल्लक नाही

फेब्रुवारीतला शेवटचा मंगळवार, सकाळची वेळ. कोलकात्यात सॉल्ट लेकमधला आमचा दातांचा दवाखाना. हजर: डॉ. सेनगुप्ता (मालक), टुम्पा (रिसेप्शनिस्ट), खुर्चीत नीलेश गोखले (पेशंट), बाहेर बाकावर त्याचे वडील गोखले काका, फोनवर टीपीएच्या बाई, आणि मी (क्लिनिक मॅनेजर). गैरहजर: विम्याची रक्कम.

टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि दवाखाना यांच्या मधली एजन्सी. बिल मंजूर झालं की नाही ते ही एजन्सी कळवते. बाईंनी गोड आवाजात कळवलं, "मॅडम, ट्रीटमेंट कव्हर्ड आहे. फक्त या वर्षाचं लिमिट संपलंय."

तोवर नीलेशचा दात घासून झाला होता. कॅप बसवायची तर आधी दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात, आणि घासलेला दात परत वाढत नाही. म्हणून नियम असा, की आधी टीपीएची मंजुरी, मग ड्रिल. पण मंजुरी यायला कधीकधी दुपार होते, आणि आमच्या डॉक्टरांना हातात ड्रिल असताना वाट बघवत नाही.

नीलेश तसाच बाहेर आला. "पण टुम्पा म्हणाली होती, कव्हर्ड आहे." ओठ भुलीनं सुन्न होते, त्यामुळे राग अर्धाच बाहेर पडत होता.

टुम्पा खरंच तसं म्हणाली होती. त्यानं फोनवर विचारलं, विम्यात दात आहेत का? तिनं त्यानं पाठवलेलं कार्ड बघून 'आहेत' सांगितलं. किती रक्कम उरलीय, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं तपासलं नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "वसुधादी, पेशंट देत नसेल तर टुम्पाच्या पगारातून कापा. शब्द तिनं दिलाय."

"आणि ड्रिल कोणी चालवलं?"

"विम्यातलं मला काय कळतं? मी दात बघतो."

टुम्पाचा पगार कापण्याइतका मोठा नाही. ती काउंटरमागे बसून रिकामा स्टेपलर उघडत-मिटत होती.

मी चौकशीला लागले. डॉक्टर म्हणाले, जबाबदारी रिसेप्शनची. टुम्पाच्या मते ती टीपीएची. टीपीएच्या बाई म्हणाल्या, पॉलिसी ज्याची त्याची. नीलेशनं सेक्टर फाइव्हमधल्या आपल्या एचआरला फोन लावला, तर तिथून उत्तर आलं, आम्ही सगळ्यांना मेल केला होता. मेल कोणी उघडला नव्हता, एचआरनंसुद्धा.

"नीलेश, तुझी पॉलिसी फ्लोटर आहे," मी म्हटलं. "म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून दातांसाठी वर्षाला एकच रक्कम. यंदा घरात कोणी दातांचं काही केलंय का?"

"कोणीच नाही, ताई. चिमीचे अजून दुधाचे आहेत. बायको नुसती दाखवू म्हणते. आणि बाबांचं तर तुम्हाला माहीतच आहे."

ते इथल्या सगळ्या मराठी माणसांना माहीत आहे. काकांनी सत्तरी ओलांडली, पण एकूण एक दात स्वतःचा. डमडमला घरी ते दंतमंजन कुटतात आणि मराठी मंडळात ओळखीच्या प्रत्येकाला बाटली देतात. गणपतीत स्टेजवर अडकित्त्याशिवाय सुपारी फोडून दाखवतात. त्यांचं मंजन माझ्याकडेही आहे. चांदीची भांडी छान निघतात.

"मग असं कर. प्रत्येक क्लेमचा मेसेज तुझ्या मोबाइलवर येतो. शोध बघू."

"ते मेसेज मी वाचतच नाही. सगळे लोन विकणारे असतात."

"आज वाच."

काका बाकावरून उठले. "मोबाइल नंतर. आधी त्याला चूळ भरू दे."

"भरली, बाबा."

"मग डोळ्यांना विश्रांती दे."

"दात घासलाय, बाबा. डोळे नाही."

काकांना एवढ्या घाईनं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी नीलेशला म्हटलं, "घासलेला दात उघडा ठेवू नये. आत जा, डॉक्टर तात्पुरती कॅप बसवतील. फोन इथे ठेव, आत चालत नाही." हा नियम मी त्याच क्षणी केला.

तो आत गेला. फोन काउंटरवर आम्हा दोघांच्या मध्ये राहिला.

"काका, कुठली दाढ?"

काकांनी वर पंख्याकडे बघितलं. "उजवी. खालची."

"सुपारी?"

"गणपतीतली."

दाढेचा तुकडा जिभेखाली धरून त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या आणि वर आभाराचं भाषणही केलं होतं. दुसऱ्या दिवशी मंडळातलं कोणी भेटणार नाही म्हणून थेट बागबाजारातला दवाखाना गाठला. तिथे विम्याच्या कार्डावर रूट कॅनाल आणि कॅप. सगळ्या घराचं लिमिट त्या एका दाढेत गेलं.

"नीलेशला सांगशील?"

"मला सांगता येत नाही. पेशंटची गोष्ट पेशंटजवळच राहते. पण फोन त्याचा आहे, आणि तो आता बाहेर येईल."

"मंडळात कळलं तर?"

"मंडळाचं राहू द्या. या मुलीचा पगार कापायला निघालेत."

टुम्पाला मराठी कळत नाही. काकांनी आपल्याकडे पाहिलेलं दिसताच तिनं उठून त्यांना चहा आणून दिला. काकांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

नीलेश बाहेर आला, तसे काका स्टेजवर उभे राहतात तसे उभे राहिले.

"नीलेश, पॉलिसी कोणाची? तुझी. मग तिच्यात किती उरलं हे कोणी बघायचं? सही करताना वाचायचं नाही, मेसेज आला तर वाचायचा नाही, आणि बोल या पोरीला लावायचा. बिल मी भरतो. तेवढीच तुला आठवण राहील."

विम्याच्या जबाबदारीवर मी हॉटेलांत, जेवणासकट, बरीच व्याख्यानं ऐकलीत. इतकं स्वच्छ एकही नव्हतं.

"बाबा, तुम्ही भरणार?" नीलेश बघतच राहिला.

"पेन्शन कशाला मिळते?"

डॉक्टरांनी मला बंगालीत विचारलं, म्हातारबाबा काय म्हणतायत?

मी सांगितलं, "म्हणतायत, मंजुरीआधी ड्रिल सुरू केलंत, तर निम्मं बिल तुम्ही सोडावं."

काकांना बंगाली उत्तम येतं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. वडीलधाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा, म्हणून डॉक्टरांनी निम्मं सोडलं. उरलेलं काकांनी भरलं. पगाराचा विषय तिथेच मिटला. नीलेशनं फोन खिशात टाकला. बिल भरलं गेल्यावर मेसेज कोण शोधतो?

आता टुम्पा प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते: कव्हर आहे का, आणि त्यातलं उरलंय किती? डॉक्टर मंजुरीशिवाय ड्रिल उचलत नाहीत, निदान मी समोर असताना. जबाबदारी नक्की कोणाची, ते आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. पण फ्लोटर पॉलिसी असेल, तर दवाखान्यात फोन करण्याआधी घरात विचारून घ्यावं, आणि ज्याचे दात सगळ्यात मजबूत त्याला सगळ्यात आधी.

निघताना काका माझ्या कानाशी कुजबुजले, "शेजारचीही ठणकतेय. पॉलिसीचं वर्ष एप्रिलला बदलतं ना? बदललं की नीलेशच्या आधी माझा नंबर लाव."

एप्रिल लागला. माझ्या कामांच्या यादीत नोंद आहे: गोखले काका, दाढ, फोन करणे. तीनदा केला. काकांचा फोन दर वेळी नीलेशच उचलतो, आणि मला त्याच्याच कॅपची चौकशी करावी लागते. इतका फॉलो-अप कुठलाच दवाखाना घेत नाही, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगतो म्हणे. तिथून नवे पेशंट येऊ लागलेत. काकांच्या नावापुढे खूण व्हायची आहे.