एकोणतिसाचा पाढा, दोघांनी मिळून

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेही मास्तरांमुळं. नाहीतर बापानं कधीच हातात म्हशीचं दावं दिलं असतं.

आमची शाळा सोलापुरात, विणकरांच्या वस्तीला लागून. निम्मी पोरं आमच्यासारखी खेड्यातनं आलेल्यांची, निम्मी घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. मारामारी रोजचीच. पण मास्तरांनी कधी कुणाला छडी लावली नाही. त्यांची एकच रीत. भांडणाऱ्या दोघांनी शेजारी बसायचं आणि मिळून पाढा म्हणायचा, एक ओळ ह्यानं, एक त्यानं. पाढा पुरा होईस्तोवर मधली सुट्टी बंद.

एकदा माझा दोस्त, विणकराचा पोरगा, दहा-बारा दिवसांनी शाळेत आला. डोकं चकोट. चकोट डोकं दिसलं की टपली मारायची, हा आम्हा पोरांचा नेमच. मी मागनं जाऊन सणसणीत मारली.

"काय रं टकल्या, उवा झाल्त्या व्हय?"

पोरं खिदळली. तो वळलासुद्धा नाही. म्हणाला, "अम्मा मेली."

मास्तर दारातच उभे होते. "बसा दोघं. एकोणतीस," म्हणाले.

"मास्तर, भांडण न्हाय झालं. चूक माझी हाय."

"म्हणून पहिली ओळ तू म्हण. तो बोलेल तेव्हा बोलेल. त्याला डिवचायचं नाही, आणि उठायचं नाही."

"एकोणतीस एके एकोणतीस," मी म्हणालो. तो गप्प. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाहेर पोरांचा आट्यापाट्याचा दंगा चाललेला, आणि माझ्या मनात एकच, हा आता जन्मात माझ्याशी बोलत नाही. दोन थोबाडीत खाऊन मोकळं होणं परवडलं असतं. बसून राहणं लई जड.

चौथ्या दिवशी मी त्याच्याकडं नीट बघितलं. सदऱ्याची दोन्ही बटणं तुटलेली. लावणार कोण? मी माझ्या सदऱ्याची पिन काढून त्याच्या सदऱ्याला टोचली. तो बघत राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न."

पुढची ओळ मला येत नव्हती. तीही त्यानंच सांगितली. मास्तर खिडकीकडं तोंड करून उभे होते, बराच वेळ.

त्यांनी शिकवलेलं गणित मी बरंचसं विसरलो. पण चार बुकं जास्त शिकलेली माणसंही मी बघितली; रडणाऱ्या माणसाजवळ घटकाभर गप्प बसता येत नाही त्यांना.

गेल्या महिन्यात माझी बायको गेली. लोक आले, धीर धरा म्हणाले, उठले. माझा तो विणकर दोस्त मात्र रोज काठी टेकत येतो, ओट्यावर माझ्या शेजारी बसतो. "एकोणतीस एके एकोणतीस," एवढंच म्हणतो आणि थांबतो.

माझ्या तोंडातनं अजून पुढची ओळ निघालेली नाही. त्याला घाई नाही.