वैशालीचा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि ती माझा आवाज ऐकून माझं बीपी ओळखते.

जबलपूरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमच्या प्रयोगशाळेतलं काम सांगायला सोपं होतं. जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा थर प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचा आणि पट्टी वाकवायची. थर ताणला गेला की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात, त्यातून निघणारा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. किती ताणाला किती बदल, हा आकडा मी छापून मोकळा झालो होतो. त्यावर माझं नाव झालं होतं.

वैशाली माझ्याकडे पीएचडी करत होती. तिचा आकडा माझ्या जवळजवळ दुप्पट आला.

मला लगेच वाटलं, पोरगी आकडे रंगवते. असं का वाटावं? ती खोटं बोलल्याचं मी कधी पाहिलं होतं? तरी मी तिच्या मागे तिचा ड्रॉवर उघडला. ती कधी येते, कधी जाते, हे शिपायाला विचारत राहिलो. तिला ते कळलंच.

"सर, तुम्ही माझ्यावर शक काहून करून राहिले? बसा ना इथं, तुमच्यासमोर वाकवते पट्टी."

मी बसलो नाही. एका रविवारी एकटाच गेलो—तिला पकडायला. तिने थराच्या कडा पॉलिमरच्या पातळ लेपाने जखडल्या होत्या. मी पट्टी वाकवली. तिचाच आकडा आला. पुन्हा वाकवली, पुन्हा तोच. मग माझा जुना, लेप नसलेला नमुना लावला आणि समजलं. पट्टी वाकताना माझा थर तिच्यावरून घसरत होता. पट्टी ताणली जायची, थर अर्धवटच. मी छापलं होतं ते त्या घसरण्याचं माप.

तिच्या आकड्याची चौकशी करायला कॉलेजने समिती नेमली. तिथे मला विचारलं, "आपने खुद करके देखा?"

मी म्हणालो—हो. तो आकडा येत नाही.

एवढंच. तिने संशोधन सोडलं. जबलपुरातच, गोहलपूर भागात कोचिंग क्लास घेऊ लागली. पुढे इतरांनीही तिच्यासारखेच आकडे छापले. मी वाचले आणि गप्प बसलो. तेव्हापासून कुणी जरा जास्त अदबीने बोललं, तरी मला वाटतं, याला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी ती चेरीतालच्या रस्त्यावर भेटली. वाकून नमस्कार केला. त्या नमस्कारातही मी टोमणा शोधला. तो नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं, "सर, तेव्हा माझं नेमकं काय चुकलं हो?"

तिथे तरी खरं बोलायचं होतं ना?

मी म्हणालो, "तुझा थर घसरत असेल."

ती मान हलवून म्हणाली, "अच्छा. कडा नीट बसल्या नसतील माझ्या."