मी कापलेली तार

आधीच सांगते, खाली "शेजारच्यांचं वायफाय असेल हो" असं कुणी लिहायचं नाही. उत्तर देईन, आणि ते गोड नसेल. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सासूबाईंबरोबर नृसिंहवाडीला जायची, दर्शन घ्यायची, कवठाची बर्फी घ्यायची आणि परत. तिथं कुणाच्या अंगात आलं की मला हसू आवरायचं नाही, सासूबाई चिमटे काढायच्या. इथले अनुभवसुद्धा मी चहा पिता पिता टाइमपास म्हणून वाचते... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. कारण हे पोटात ठेवून माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीला राहतो. आमच्या आणि बापूंच्या घरामध्ये चार फुटांचा बोळ आहे, खिडकीसमोर खिडकी. बापू म्हणजे माझ्या सासऱ्यांचे दोस्त. दोघांनी आयुष्यभर एकाच फौंड्रीत काम केलं. त्या आवाजात बापूंचे कान गेले. कानाला मशीन लावतात, पण समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना नीट कळतं. काकी वारल्या, एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन जर्मनीला. जाताना ती त्यांना मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर देऊन गेली. बापूंच्या खिशात बटणांचा फोन, त्यावर कसले ओठ दिसणार? म्हणून रोज दुपारी चार वाजता त्या कॉम्प्युटरवर बापलेकीचं बोलणं.

आणि नेट कुणाचं? आमचं! माझा नवरा संजय म्हणजे कर्णाचा अवतार. "एवढं नेट हाय, बापूंना दिलं म्हणून काय आटणार हाय व्हय?" असं म्हणून त्यानं आमच्या राउटरपासून बोळावरून त्यांच्या खिडकीत तार टाकून दिली. राउटरला मागं चार पोर्ट. एकात माझा कॉम्प्युटर, एकात संजयचा, एकात दहावीतल्या आमच्या कन्येचा आणि चौथ्यात बापू. संजय सकाळी डबा घेऊन कामावर जाणार. त्याला नेट आटलेलं कुठलं दिसणार? घरी मी असते.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी कास्टिंगची ड्रॉइंग्ज करते. घरून. लोकांना वाटतं घरून काम म्हणजे गंमत... इकडं कुकर, तिकडं फाइल, आणि मीटिंग नेमकी चारला! चार वाजले की माझा आवाज तुटायचा, ड्रॉइंग स्क्रीनवर उघडायचं नाही. बापूंना मी दोनदा जाऊन सांगितलं, जरा वेळ बदला की हो. ते मान हलवायचे, "व्हय व्हय सूनबाई" म्हणायचे आणि पुन्हा चारलाच सुरू. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर... जाऊ दे.

त्या सोमवारी पंप बॉडीच्या ड्रॉइंगची मीटिंग होती. तीन आठवडे घासून केलेलं काम. बाहेरचं गिऱ्हाईक होतं, आमचे साहेब होते, सगळे. मी बोलायला लागले आणि चार वाजून पाच मिनिटांनी स्क्रीन जी गोठली ती गोठलीच. परत आत येईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी माझं ड्रॉइंग समजावून सांगितलं होतं, तेही चुकीचं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, घरचं जमत नसेल तर तसं सांगा." पुढचं काम दुसऱ्याला गेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, चौथ्या पोर्टमधली पिन उपटली. तेवढ्यानं समाधान होईना. माळ्यावरून संजयचा कटर काढला, खिडकीपाशी गेले आणि बोळावरची तार कचकन कापली. एकदा नाही, दोनदा. मधला हातभर तुकडा माझ्या हातात राहिला. तो टेबलाच्या खणात टाकला आणि खण आपटून बंद केला. वर वायफायचा पासवर्डही बदलला. तसा बापूंच्या कॉम्प्युटरला वायफाय पकडायची सोयच नाही, पण राग आला की मी अर्धवट काम करत नाही.

मग वाट बघत बसले. येऊ देत बापूंना, मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते भांडी घासताना पाठ केलं होतं. मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी आले नाहीत. माझ्या मीटिंगा सुसाट चालल्या होत्या, तरी चैन पडेना. भांडायला माणूस समोर आला नाही की राग अंगात नुसता फिरत राहतो.

गुरुवारी सकाळी दूध घ्यायला फाटकात गेले, तर बापू हसत पुढं. म्हणाले, "सूनबाई, तुमचं नेट म्हंजे नाद खुळा झालंय! आधी पोरीचं तोंड हालायचं आन् आवाज मागनं यायचा. आता समोर बसल्यागत बोलतीया."

टोमणा! दुसरं काय समजणार मी? कोल्हापूरचा माणूस भांडत नसेल तर टोमणा मारतो, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "बापू, बोलायचं असेल तर सरळ बोला. टोमणे कशाला मारताय?"

त्यांचा चेहरा पडला. "टोमणा? न्हाई ओ. खरंच ग्वाड चाललंय म्हणून सांगाय आलतो." मशीन नीट बसवत ते आत गेले. मी दूध घेऊन घरात आले आणि पातेलं असं आदळलं की कन्या अभ्यास सोडून बघायला आली. म्हातारा काय नाटकी आहे, असं मी तिला म्हटलं. हो, म्हटलं. लपवत नाही.

पुढच्या मंगळवारपर्यंत हा माणूस मला रोज हात जोडायचा! तार कापून नववा दिवस. माझी सहनशक्ती संपली. आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून चारला पाच मिनिटं कमी असताना मी त्यांच्या घरात घुसले. दार उघडंच असतं. बापू कॉम्प्युटरपुढं बसले होते. त्यांची पाठ माझ्याकडं. समोर ताटलीत भाकरी, झुणका, चिरलेला कांदा. मला वाटलं, आता बंद स्क्रीनपुढं बसून मला दाखवायला बोलणार.

चार वाजले. स्क्रीनवर वैशाली आली.

चेहरा सुजलेला, अंगात दवाखान्याचा झगा, हाताला सलाईन. सातवा महिना असावा. मला यातलं काही, काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. समोर ट्रेमध्ये कसलंतरी पांढरट जेवण होतं आणि ती रडत होती. "बापू, नको वाटतंय. उलटी होती."

"एक घास माझा, एक घास तुझा," बापू म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून कॅमेऱ्यासमोर धरला. "हे बघ, मी घेतला. आता तू. पोटातल्या बाळाला भूक लागली आसंल न्हवं?" तिनं डोळे पुसले आणि चमचा उचलला. बापूंनी दुसरा तुकडा मोडला. म्हणून चार वाजता! तिकडं दवाखान्यात तेव्हा दुपारचं जेवण यायचं. तिचा नवरा कामावर, आजूबाजूला मराठीचा एक शब्द नाही, आणि बाप समोर जेवला तरच तिच्या पोटात अन्न जात होतं. नजर लागेल म्हणून बापूंनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मागून पुढं गेले आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागं वाकले. वीज, स्क्रीन, कीबोर्ड, माउस, कॅमेरा आणि आमची तार. बाकी काही नाही. वर नेटची कसली काडी, डोंगल वगैरे खोचलेलं नाही, काही नाही. तारेला हात लावला आणि ती जाईल तिकडं गेले. भिंतीवरून खिडकीत, गजातून बाहेर... आणि तिथं ती संपली. मी कापलेलं टोक भर उन्हात लोंबत होतं. आतल्या रंगीत वायरी उघड्या. ते टोक मी हातात धरलं. बोळाच्या पलीकडं माझी खिडकी दिसत होती आणि मध्ये चार फूट नुसती हवा.

पाठीमागं वैशालीचा आवाज स्पष्ट, एकदाही न अडकता आला. "बापू, त्या वहिनी आहेत ना? मला बोलू दे." मी वळले. ती माझ्याकडं बघून बोलत होती. "वहिनी, तुमच्या नेटमुळं मी इथं दिवस काढतेय हो. तुमचे उपकार..." मग थांबून म्हणाली, "हातात काय आहे तुमच्या?"

"काही नाही," मी म्हटलं. टोक सोडून दिलं आणि घरी पळाले. राउटरचा चौथा पोर्ट रिकामा, दिवा बंद. राउटरच्या यादीत आमचेच तीन कॉम्प्युटर. खण उघडला, तर हातभर तुकडा जिथं टाकला होता तिथंच.

संध्याकाळी नवी तार आणून मी स्वतः ओढली. "जुनी खराब झाली होती," असं बापूंना सांगितलं. दोन दिवसांनी ते फाटकात भेटले, जरा ओशाळून म्हणाले, "सूनबाई, राग मानू नगा. पर आता परत तोंड आधी आन् आवाज मागनं."

नेटवाल्याला सगळं विचारलं, नाव न सांगता. तो हसला. "मॅडम, तार तुटली की नेट जातंय, एवढंच आम्हाला येतंय." आता तीन वर्षं झाली. कुणाला काही सुचत असेल तर सांगा, मला काहीच उलगडलेलं नाही. चार वाजताची मीटिंग मी त्या दिवसापासून घेतलेली नाही, साहेबांना तोंडावर सांगितलं. संजयला यातलं काही माहीत नाही, आणि तो वाचत नाही म्हणूनच इथं लिहितेय. पण घाबरले वगैरे म्हणाल तर नाही. मला राग येतो. ज्यानं कुणी ते नऊ दिवस निभावले, त्याचा राग येतो! पोरीला वाचवलंस ते बरंच केलंस रे बाबा, पण माझं पाप असं झाकून का टाकलंस? बापूंनी दार ठोठावून "तार का कापली?" असं विचारलं असतं, तर मी पाया पडून माफी तरी मागितली असती. आता कुणाची मागू? ते उलट मलाच हात जोडतात.

मुलगी सुखरूप झाली. पाच महिन्यांची झाल्यावर वैशाली तिला घेऊन आली, बारसं बापूंच्याच घरी ठेवलं. वैशालीच्या नवऱ्याला बहीण नाही. पाळण्यापाशी ती सगळ्या बायकांसमोर माझा हात धरून म्हणाली, "बाळाची आत्या तुम्हीच. नाव तुम्हीच ठेवायचं." आणि बापू मागून मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई रागीट हाय, पर तार कधी काढली न्हाई!"

मी पाळण्यावर वाकले. बाळाच्या कानात कुर्र केलं, मीरा म्हटलं. रीतीप्रमाणं बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला लागल्या, हसत हसत, हळूच. मी म्हटलं, "जोरात मारा की!" सगळ्या आणखीच हसल्या.

कुणीही जोरात मारलं नाही.